दुसऱ्याच्या अंगणातली फांदी

झुंबरबाई आमच्या समोर राहायच्या. रस्ता ओलांडला की त्यांचं अंगण. इतक्या जवळ आयुष्य गेलं तरी मला त्यांच्याबद्दल फार थोडं माहीत आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्यांचं माहेर कोणतं, हे मला त्या गेल्यावर कळलं, तेही दहाव्याला आलेल्या पाहुण्यांच्या बोलण्यातून. त्यांना गोड आवडायचं की तिखट, रात्री झोप लागायची की नाही, नवरा गेल्यावर त्या कधी रडल्या का, यातलं काहीच मला सांगता येणार नाही.

त्यांची नात स्नेहल तळेगावला कॉलेजात आहे. ती म्हणाली, "आबा, आजीबद्दल काहीतरी लिहून द्या ना. तुम्ही सगळं बघितलंय." बघितलं हे खरं आहे. कळलं किती, ते मला ठाऊक नाही. मी रेल्वेत होतो, लोणावळ्याला, सिग्नलच्या कामावर. लिहिण्याचा संबंध आला नाही. दोन दिवस कागद पुढ्यात घेऊन नुसता बसलो होतो. शेवटी शालन, माझी बायको, म्हणाली, "बोलत तर तुमी न्हाईच. निदान लिवा तरी."

म्हणून झाडापासून सुरुवात करतो. झाड तोडायची वेळ आली तेव्हा त्या मला थोड्या दिसल्या, असं वाटतं.

वडगाव मावळहून आत आलं की आमचं गाव. झुंबरबाईंच्या घराला लागूनच त्यांच्या थोरल्या जावेचं, आक्काबाईंचं घर. दोन अंगणांच्या मधे कमरेएवढा दगडी गडगा, आणि त्या गडग्याच्या मधोमध आंब्याचं झाड. गडग्याचे दगड दोन्हीकडून खोडापाशी येऊन थांबायचे. आंबा रायवळच, पण फळाला शेपूसारखा वास, म्हणून सगळे त्याला शेप्या म्हणत. खोड माणसाच्या उंचीवर दोन भागांत फुटलेलं. एक मोठी फांदी झुंबरबाईंच्या कौलांवर गेलेली, दुसरी आक्काच्या कौलांवर.

या दोघी जावांचे सासरे रखमाजी. त्यांनी दोन मुलांची वाटणी केली तेव्हा मी पोरसवदा होतो, पण तिथं हजर होतो. जमीन वाटली, बैल वाटले, भांडी वाटली. मग म्हाताऱ्यानं झाडाकडे बोट केलं आणि ते म्हणाले, "थोरल्याच्या घरावर जी फांदी हाय ती धाकट्याची. धाकट्याच्या घरावरची थोरल्याची."

पंच हसायला लागले. कुणीतरी म्हणालं, "आबा, उलटं झालं."

"उलटं न्हाई. आपला आंबा काढायला दुसऱ्याच्या अंगणात जावं लागंल. तेवढ्यानं तरी येनं-जानं ऱ्हाईल."

काही वर्षं तसं राहिलंही. उन्हाळ्यात दोन्ही घरची माणसं दोन्ही अंगणांत असायची. झुंबरबाई लग्न होऊन आल्या तेव्हा फार लहान होत्या, स्वतःची वेणी नीट घालता यायची नाही. सकाळी आक्का गडग्यावर बसायची आणि ही तिच्या पुढ्यात खाली. केस ओढले गेले की ओरडायची, आणि आक्का डोक्यात एक टप्पल मारायची. हे मी कामावर जाताना पाहिलेलं आहे.

मग दोघींचं बोलणं बंद झालं. का, ते मला माहीत नाही. गावात विचारलं तर एक जण सांगतो बारशाचं बोलावणं उशिरा गेलं, दुसरा सांगतो आजारपणात कुणी डोकावलं नाही. दोन्ही भाऊ पुढं वारले. निदान तेव्हा तरी बोलतील असं वाटलं होतं. दोघी दोन ओट्यांवर बसून रडल्या.

झाड मात्र मधे होतंच. झुंबरबाईंच्या अंगणात पडायचे ते आंबे आक्काचे आणि आक्काच्या अंगणात पडायचे ते झुंबरबाईंचे. त्यातून एक रीत पडली. सकाळी उठून आपल्या अंगणात पडलेले आंबे दुसरीच्या पाटीत गोळा करायचे आणि पाटी गडग्यावर ठेवायची. जिची पाटी तिनं उचलायची. रिकामी पाटी परत गडग्यावर. एक शब्द नाही. चैत्र-वैशाखात हे रोज चालायचं.

पप्पू, म्हणजे झुंबरबाईंचा मुलगा, लहान असताना त्यानं अंगणातला एक आंबा उचलून चावला. झुंबरबाईंनी तो त्याच्या हातातून काढून घेतला, धुतला आणि तसाच उष्टा पाटीत ठेवला. दुसऱ्या दिवशी गडग्यावर तो उष्टा आंबा होता आणि शेजारी एक अख्खा, पिकलेला. पोरासाठी ठेवलेला, हे मलासुद्धा कळलं. झुंबरबाईंनी दोन्हींना हात लावला नाही. कावळ्यांनी खाल्ले.

गेल्या वैशाखात दुपारी वळवाचं वादळ आलं. आमच्या पडवीचा पत्रा गेला. वारा थांबल्यावर बाहेर आलो तर समोर शेप्या उभा फाटलेला. झुंबरबाईंच्या बाजूची फांदी बुंध्यापासून चिरत जाऊन त्यांच्या घरावर टेकली होती. कोपऱ्यातली कौलं फुटली होती, आढं वाकलं होतं. फांदी अजून सालीनं आणि थोड्या लाकडानं खोडाला धरून होती.

आम्ही हाका मारत धावलो. झुंबरबाई अंगणातच होत्या, धडधाकट. फांदीखाली वाकून पडलेल्या कैऱ्या पाटीत भरत होत्या.

शालन म्हणाली, "अवो, आदी बाहेर या. डोक्यावर हत्ती टेकलाय."

"आले. एवढ्या गोळा करते. आक्काच्या हायेत."

पप्पू नवलाख उंबऱ्याला कंपनीत आहे आणि सोमाटण्याला राहतो. तो संध्याकाळच्या आत आला. घरभर फिरला, भिंतीला गेलेली चीर बघितली आणि म्हणाला, "आई, तू आत्ता माझ्याबरोबर चल. सकाळी माणसं आणतो आन तोडून टाकू."

"फांदी आपली न्हाई."

"घर तर आपलं हाय ना?"

"घर आपलं हाय. फांदी आक्काची हाय. तिला इचारल्याबिगर हात लावायचा न्हाई."

"मग इचार."

विचारायला त्या गेल्या नाहीत. सोमाटण्यालाही गेल्या नाहीत. म्हणाल्या, "मी गेले तर आक्का म्हनंल, पळाली." ती रात्र त्यांनी आमच्याकडे काढली, आमच्या ओट्यावर, घराकडे तोंड करून.

सकाळी पप्पूनं जानूला आणलं. जानू झाडं तोडायचं काम करतो. दोराचं वेटोळं खांद्यावर आणि तोंड सारखं चालू. त्यानं झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या, चिरेत हात घालून बघितला, आणि त्याचं बोलणं जरा कमी झालं. शेंड्याकडून तुकडे करत यावं लागेल, म्हणाला. तुकडे दुसऱ्या फांदीला दोर बांधून खाली सोडायचे. आणखी एक वारा आला तर फांदी घसरेल आणि भिंत घेऊन जाईल. घर राहणार नाही.

"मग कर सुरू," पप्पू म्हणाला.

"करतो की. मालकीण कुटं हाय?"

"ही काय, आई."

"फांदीची मालकीण इचारतोय. पयला घाव मालकाचा. माज्या बापानं आंब्याला मालकाबिगर कधी कुऱ्हाड लावली न्हाई. आमरस तुमी खायचा आन दोष आमाला, आसं न्हाई चालत."

पप्पू चिडला. झुंबरबाई मात्र मान हलवत होत्या, जानू त्यांच्याच मनातलं बोलल्यासारखी. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, तुमी जाता का आक्काकडं?"

मला असली कामं जमत नाहीत. मी शालनकडे बघितलं. तिनं तोंड दुसरीकडे केलं. मी गेलो.

आक्का ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिला ऐंशी तरी असतील. मला ती अजून अरेतुरे करते.

म्हणालो, "आक्का, तुमची फांदी वहिनींच्या घरावर पडलीय."

"दिसतंय. आंधळी न्हाई मी."

"जानू म्हणतो, पहिला घाव तुम्ही घालायला पाहिजे."

"कुटं?"

"त्यांच्या अंगणात."

ती सुपातले खडे वेचत राहिली. "तिनं धाडलं व्हय तुला?"

"हो."

"तिला तोंड न्हाई?"

मी उभा राहिलो.

"सांग तिला. बोलवायचं आसंल तर तिनं यावं. मी थोरली हाय."

मी परत येऊन जसंच्या तसं सांगितलं. झुंबरबाई म्हणाल्या, "थोरली हाय म्हनून तर. फांदी तिची, पडली माज्यावर, आन बोलवायला मी जायचं? गेले तर काय म्हनंल म्हायतीय? घर पडाया लागलं तवा आली."

घरी आल्यावर शालननं मला धरलं. "तुमी म्हंजे पोस्टमन. टाकली चिठ्ठी, निघाले. मदी आपलं एक वाक्य घालायचं की न्हाई?"

"काय घालू?"

"ते बी मीच सांगू?"

तो दिवस तसाच गेला. तलाठी येऊन फोटो काढून गेले. जानू दुसऱ्या कामावर गेला, म्हणाला, मालकीण आली की हाक मारा. दुसऱ्या दिवशी दुपारी ढग भरून आले. डोंगराच्या बाजूनं वारा सुटला आणि फांदी हलली. चार-सहा कौलं घसरून अंगणात फुटली. पप्पूनं कंपनीत सुट्टी टाकली होती. तो तळेगावहून कुणाची तरी मशीनची करवत घेऊन आला आणि म्हणाला, "बास झालं. दोष लागला तर मला लागू दे."

झुंबरबाईंनी घरातून बाज ओढत आणली. अंगणात, बरोबर फांदीखाली टाकली आणि तिच्यावर बसल्या.

"आता तोड," त्या म्हणाल्या.

पप्पूनं करवत खाली ठेवली. हात जोडले, मग ओरडला, मग गडग्याच्या दगडावर बसून राहिला. लोक जमले. जो तो समजावत होता. त्या पदर डोक्यावर घेऊन तशाच बसलेल्या. वर फांदी करकरत होती, अगदी सावकाश, बैलगाडीचा कणा करकरतो तशी.

मला तिथं उभं राहवेना. मी आक्काच्या अंगणात गेलो. सांगण्यासारखं काही सुचलेलं नव्हतं. जे दिसत होतं तेच म्हणालो, "आक्का, ती फांदीखाली बसलीय."

"कोन?"

"वहिनी. बाज टाकून बसलीय. उठत नाही."

गडग्यापलीकडे गर्दी होती, त्यामुळे आक्काला ते दिसलं नसावं. ती उठली. मग म्हणाली, "पयल्यापास्नं आशीच हाय. सांगितलेलं कळत न्हाई." आणि काठी शोधायला लागली.

गडग्यावरून कुणी हात दिला असता तर ती चार पावलांत पोचली असती. ती रस्त्यानं गेली, आमच्या दारावरून वळसा घेऊन, फाटकातून. लोक बाजूला झाले. झुंबरबाईंनी तिला येताना पाहिलं आणि त्या बाजेवरून उठल्या. पदर पुढं ओढला. थोरली जाऊ समोर आल्यावर पूर्वी उठायच्या, तशा.

दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. पप्पू गाडीवर जाऊन जानूला घेऊन आला. तेवढा वेळ आक्का ओट्याच्या कडेला बसून होती. झुंबरबाईंनी घरातून तांब्या आणून तिच्या शेजारी ठेवला. आक्का पाणी प्यायली नाही. पण तांब्याला कुणाचा पाय लागेल म्हणून तिनं तो उचलून जरा आत सरकवला.

जानूनं कुऱ्हाड तिच्या हातात दिली. फांदीला हळद-कुंकू लावून तिनं एक घाव घातला. घाव कसला, पातं नुसतं टेकलं. मग ती जानूला म्हणाली, "हिला आदी लांब न्या. मंग तुमचं चालू द्या."

झुंबरबाई स्वतःच लांब गेल्या.

काम अंधार पडेपर्यंत चाललं. जानूच्या माणसांनी आधी फळ उतरवलं, मग शेंडा, मग एकेक तुकडा दोराला लटकवत खाली. सगळा भार दुसऱ्या फांदीनं घेतला. शेवटचा जाड तुकडा सुटला तेव्हा कोपऱ्यातली भिंत थोडी ढासळली. पण आढं राहिलं, घर राहिलं. पप्पू जानूच्या पाया पडायला गेला तर तो म्हणाला, "पाया पडू नका, च्या सांगा."

चहा पिताना त्यानं दुसरी गोष्ट सांगितली. खोड आतून पोकळ झालं आहे. एक बाजू गेल्यामुळे राहिलेली फांदी आता आपल्याच ओझ्यानं आक्काच्या घरावर जाईल. ती राखता येणार नाही. ती फांदी झुंबरबाईंची. तेव्हा पहिला घाव त्यांचा, आक्काच्या अंगणात.

मला वाटलं, आता काय अडचण आहे. आक्का येऊन गेली, यांनी जायचं. पण झुंबरबाई तयार होईनात. पप्पूला म्हणाल्या, बघू. जानूला म्हणाल्या, अमावस्या होऊ द्या. पप्पू म्हणाला, "अगं, तिकडं पडली तर म्हातारी मरंल." तरी बघू. शेजारचे म्हणायला लागले, हिला आता सूड उगवायचाय.

संध्याकाळी मी पाणी भरायला गेलो तेव्हा त्या गडग्यापाशी उभ्या होत्या. फाटलेल्या खोडात हात घालून आतला भुसा काढत होत्या. मी काही विचारलं नव्हतं. त्या आपणहून म्हणाल्या,

"भाऊ, ही बी गेली तर गडग्यावर काय ऱ्हाईल?"

मला वाटलं, दगडांबद्दल विचारताहेत. म्हणालो, "पप्पू भरून घेईल ना, सिमेंटनं."

त्यांनी मान हलवली आणि भुसा झाडत आत गेल्या. त्यांना पाटीबद्दल म्हणायचं होतं, हे मला घरी शालननं सांगितलं. ती म्हणाली, "वरीसभर ती बाई आंब्याची वाट बघती, ते काय आंब्यासाठी?"

दोन दिवसांनी पुन्हा वारा सुटला. त्या सकाळी झुंबरबाई कुणालाही न सांगता निघाल्या. रस्त्यानंच, वळसा घालून, आमच्या दारावरून. मी बघितलं आणि पप्पूला फोन लावला. जानू आला. त्या आक्काच्या अंगणात उभ्या होत्या आणि आक्का तिच्या ओट्यावर. यांनी घाव घातला, चांगला खोल, आणि कुऱ्हाड जानूच्या हातात देऊन परत आल्या. त्यांच्या फांदीचे सगळे आंबे पोत्यांत भरून आले. आक्काचे तिच्या घरी गेले. दोन्हीकडे आंबे पिकायला आढ्या लागल्या. गल्लीत पंधरा-वीस दिवस शेपूचा वास होता.

झाड गेल्यावर दोन्ही अंगणांत ऊन भरलं. खोडाच्या जागी गडग्याला खिंड पडली, माणूस जाईल एवढी. पप्पू दगड घेऊन आला तर झुंबरबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, पाऊस झाल्यावर बघू." दोघींपैकी कुणी त्या खिंडीतून गेलेलं मी पाहिलं नाही. कोंबड्या जायच्या. कोंबडी पलीकडे गेली की झुंबरबाई खिंडीच्या अलीकडे उभं राहून हाकायच्या, आणि पलीकडून आक्का काठी आपटायची. एवढंच.

श्रावणात झुंबरबाई गेल्या. तापाचं निमित्त झालं. वडगावच्या दवाखान्यातून परत आणल्या आणि दुसऱ्या पहाटे संपल्या. बायका आंघोळ घालायला जमल्या तेव्हा आक्का आली. त्या दिवशी ती खिंडीतूनच आली. शालन आत होती, तिनं मला सांगितलं. आक्कानं कुणालाही हात लावू दिला नाही. उशाशी बसून तिनं झुंबरबाईंचे केस विंचरले आणि वेणी घातली. पांढरे, विरळ केस. वेळ लागला. बाहेर माणसं खोळंबली होती, पण कुणी घाई केली नाही.

आमचं शेवटचं बोलणं त्याच्या आधी आठवडाभर झालं असेल. मी त्यांच्या अंगणात पप्पूचं एक पार्सल द्यायला गेलो होतो. ओट्यावर पाटी होती. त्यांनी ती धुऊन पालथी घातली होती. वादळाच्या दिवशी कैऱ्या भरल्या तीच. कैऱ्या शालननं पोचवल्या होत्या पिशवीतून, पाटी इकडेच राहिली होती. ती पुढं आक्काच्या ओट्यावर मी बघितली. कुणी नेली, कधी नेली, हे मी विचारलं नाही.

"पार्सल आलंय, वहिनी," मी म्हणालो.

"ठेवा तितं. भाऊ, ही पाटी आक्काची हाय. द्यायची ऱ्हाऊनच गेली."

"द्या, मी जाता जाता ठेवतो."

"नगं. मीच न्हेईन. जरा पाऊस उघडू द्या."

"बरं."

"आन जाताना फाटक ओढून घ्या. कोंबड्या रस्त्यावर जात्यात."